तेवीसनं गुणलेला माणूस

देविदास आडे शारजाहून सुट्टीवर आला की कनेरगाव नाक्यावरची माणसं त्याला 'कसा आहेस' असं विचारत नाहीत. 'पगार किती झाला' असं विचारतात. देविदास सरळ माणूस, तो सांगून टाकतो, पंधराशे. मग समोरचा खिशातून मोबाईल काढतो, पंधराशेला तेवीसनं गुणतो आणि मान वर करून देविदासकडे असं बघतो, जणू आपलेच पैसे त्यानं तिकडं नेऊन ठेवलेत. एका दिरहमचे तेवीस रुपये. भाव थोडा वरखाली होतो, पण आमच्याकडं हा आकडा आता लहान पोरांनाही पाठ झालाय. चौतीस हजार पाचशे, दर महिन्याला! आणि वर पुन्हा, "राहायचं फुकट असंल ना तिकडं?"

सहा वर्षं मी हे ऐकतोय आणि सहा वर्षं माझ्या डोक्यात तिडीक जाते. अरे, पगाराला गुणता, मग टमाट्याला का गुणत नाही? तिकडं टमाटं काय रुपयात मिळतं? केस कापणारा काय रुपये घेतो? पण पुढचं गणित कुणालाच करायचं नसतं. पगाराचा गुणाकार झाला की मोबाईल खिशात जातो आणि डोळे देविदासच्या खिशावर येतात.

मी परमेश्वर. नाक्यावर एका दुकानात मोटारी भरायचं, म्हणजे जळालेल्या मोटारीला नवी तार गुंडाळायचं काम करतो. माझा बाप मसाजी अजून मेंढरांमागं फिरतो. देविदास नाक्यापासून तीन किलोमीटरवरच्या तांड्यावरचा. त्याचे वडील धर्मसिंग तो दहावीत असतानाच गेले. हिंगोलीच्या आयटीआयला वायरमनच्या ट्रेडला आम्ही दोन वर्षं एका बाकावर बसलो, एका डब्यात जेवलो, आणि परीक्षेत मला वायरिंगची आकृती येत नव्हती तेव्हा त्यानं आपली वही तिरकी धरली. असा तो माणूस. हुशारीत माझ्यापेक्षा दोन पायऱ्या वर, पण बोलायला उभं केलं की जीभ टाळ्याला चिकटते. त्याच्या वाटचं भांडण म्हणून नेहमी मीच भांडत आलो. मला त्यात काही वाटत नाही, देवानं मला तोंड त्यासाठीच दिलंय.

शारजात कंपनी त्याला खोली देते, जेवण देत नाही. खोलीत आठ जण. दोन निजामाबादचे, एक बिहारचा, बाकी कुठले कुठले. आठांची मिळून मेस आणि मेसचा बाजार देविदासकडं. हे काम त्यानं मागून घेतलं नव्हतं. पहिल्या महिन्यात बिहारी गडी कामगारांच्या कॅम्पाजवळच्या दुकानातून सामान आणायचा, आणि देविदास प्रत्येक वस्तूला तेवीसनं गुणायचा. कांदे सत्तर रुपये किलो. दूध एकशे चाळीस रुपये लिटर. ज्वारीचं पीठ दीडशे रुपये किलो, तेही जुनं, भाकरी थापायला गेलं की कडा फाटणार. कोथिंबिरीची बारकी जुडी पस्तीस रुपये. त्यानं जुडी हातात घेतली, वास घेतला आणि परत ठेवून दिली. पहिले सहा महिने त्यानं कोथिंबीर खाल्ली नाही. ज्याच्या तांड्यावर कोथिंबीर भाजीवाली वरून फुकट टाकते, त्या माणसाला पस्तीस रुपये देणं जिवावर आलं.

निजामाबादचा एक वयस्क माणूस त्याला म्हणाला, "बेटा, गुणा करना छोड दे, नहीं तो भूखा मरेगा." इतरांनी सोडलं. ह्याला सोडवेना. मग त्यानं दुसरी वाट काढली. पाऊण तास चालत गेलं की एक मोठा भाजीबाजार लागतो. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी बाजार उठायच्या वेळेला माल पडून राहू नये म्हणून भाव उतरतात. देविदास पंचेचाळीस डिग्रीत दोन पिशव्या खांद्याला लावून तिकडं जायचा. तासभर नुसता हिंडायचा, कुणाचं किती उरलंय ते बघायचा आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत घ्यायचा. खोलीवर आल्यावर टमाटी निवडून मऊ आज, निबर परवा, कच्ची आठवड्याच्या शेवटी अशी लावून ठेवायचा. व्हिडिओ कॉलवर मी त्याला हेच करताना पाहिलंय. खाटेखाली वर्तमानपत्रावर टमाटी ओळीनं मांडलेली आणि हा मांडी घालून बसलेला. त्याच्या हिशेबानं मेसचा खर्च चौथ्या हिश्श्यानं उतरला. आठ माणसांचे चार पैसे त्याच्या पायांनी वाचवले, आणि इकडं आमची माणसं म्हणतात, मजा आहे गड्याची.

केस तो तीन महिन्यांतून एकदा कापतो, कारण तिकडं न्हावी पंधरा दिरहम घेतो. मधल्या काळात बिहारी गडी मशिनीनं मागनं जरा साफ करून देतो. हे मी मुद्दाम सांगतोय, पुढं ह्याच केसांवरून सगळा घोळ झाला.

गेली दोन वर्षं आम्ही एकच गोष्ट बोलत होतो. नाक्यावर चौकाच्या अंगाला एक गाळा रिकामा होणार होता. तिथं दोघांनी मिळून दुकान टाकायचं, मोटार वाइंडिंग आणि वायरिंगचं. आजूबाजूच्या पंधरा गावांत विहिरीच्या आणि बोअरच्या मोटारी आहेत, काम बारा महिने. मालकानं डिपॉझिट साठ हजार सांगितलं होतं. तीस त्याचे, तीस माझे. जुनं वाइंडिंग मशीन वाशिमला बघून ठेवलं होतं. यंदाच्या एप्रिलमध्ये तो आला तेव्हा बॅग खाली ठेवायच्या आधी म्हणाला, "परमा, ह्या खेपेला आलो ते आलोच. कंपनीला जूनच्या पाच तारखेपर्यंत सांगायचंय, येतो का न्हाई ते. गाळा पक्का झाला की न्हाई म्हून सांगून टाकतो." सहा वर्षांत मी त्याला इतकं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं.

फक्त मधे निलमचं लग्न होतं. निलम त्याची धाकटी बहीण, बीए झालेली, गरीब गाय नव्हे बरं का, भावापेक्षा तोंडानं धडधाकट. स्थळ वसमतकडच्या तांड्यावरचं. मुलगा हरीश चांगला होता, शांत, एका खासगी शाळेत शिकवायचा. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण त्याचा मामा भिवाजी! पांढरी कडक इस्त्री, खिशाला दोन पेनं, आणि घरातलं सगळं बोलणं आपणच करायचं असा त्याचा मक्ता. त्यानं सुपारीच्या वेळीच सांगून टाकलं, हुंडाबिंडा आम्हाला काही नको, आम्ही सुधारलेली माणसं. फक्त बस्ता तुमच्याकडून.

लग्नाचा बस्ता कसा बांधतात हे आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. दोन्हीकडची माणसं कापड दुकानात गादीवर बसतात आणि नवरीच्या शालूपासून लांबच्या मावशीच्या लुगड्यापर्यंत सगळं एका बैठकीत घेऊन होतं. म्हणायला खरेदी, पण असते खरी परीक्षा. कोण काय उचलतो, कोण काय खाली ठेवायला लावतो, हे लोक वीस वर्षं विसरत नाहीत. देविदासनं लग्नासाठी पैसे वेगळे ठेवले होते आणि दुकानासाठी वेगळे. बस्त्याचा अंदाज त्यानं तिकडं बसूनच काढला होता, सोळा साड्या, नवऱ्याचा सूट, टॉवेल-टोप्या. मला म्हणाला, "बराबर बसते. गाळ्याच्या पैशाला हात लावायचं काम न्हाई."

हिंगोलीच्या दुकानात वसमतची माणसं दोन जीप भरून आली. सोळा साड्यांसाठी बावीस बायका. इकडून देविदास, त्याची आई रूपाबाई, निलम, तांड्यावरच्या चार जणी आणि भांडायला मी. रूपाबाईनं नवं लुगडं नेसलं होतं आणि दुकानात शिरल्यापासून तिची मान खाली आली नव्हती. जिनं जन्मभर दुसऱ्याच्या शेतात हळद उकळली, तिला दुकानदार "या मावशी, पंख्याखाली बसा" म्हणतोय. तिला त्याचा आनंद झाला तर मी तिला नावं ठेवणार नाही.

सेल्समननं बाराशेच्या साड्यांचा गठ्ठा सोडला. चांगल्या होत्या. बायका हात लावून बघत होत्या. तेवढ्यात भिवाजी मागून म्हणाला, "हे कोणासाठी काढून राहिले? पाहुणे आमचे दुबईचे हायेत. वरचा माल काढा." सेल्समननं मालकाकडं बघितलं, मालकानं मान हलवली आणि बाराशेचा गठ्ठा आमच्या डोळ्यांदेखत मागं गेला. एवढं सोपं असतं ते.

वरचा माल चार हजारांपासून सुरू होता. देविदासचा चेहरा उतरला. मी तोंड उघडणार, तर त्यानंच माझ्या मांडीवर हात ठेवला. आणि मग त्यानं जे कधी केलं नव्हतं ते केलं, चारचौघांत बोलायला लागला.

"मामा, जरा ऐका," तो म्हणाला. "मला पंधराशे भेटतात, व्हय, बराबर हाय. तुमी तेवीसनं गुणता, तेबी बराबर. पर मंग सगळ्यालाच गुणा ना. तिथं टमाटे सहा दिरहमला किलो. म्हंजे एकशे अडतीस. दूध एकशे चाळीस. भेंडी दोनशे तीस, आमी घेतच न्हाई. चहा प्यायला गेलं तर तीस. केस कापायचे तर साडेतीनशे, म्हून तीन महिने कापत न्हाई. महिन्याला हातात काय उरते ते माझं मला म्हाईत. आमी तिथं खर्च न करून पैसा जमवतो, मामा. कमवून न्हाई."

बावीस बायका त्याच्या तोंडाकडं बघत होत्या. माझी छाती भरून आली. सहा वर्षं जे मी ओरडून सांगत होतो ते त्यानं पाच वाक्यांत सांगितलं होतं, तेही आवाज न चढवता. मला वाटलं, झालं, कळलं यांना.

भिवाजी हसायला लागला. आधी बारीक, मग पोट धरून. "ऐकलं का बायांनो," तो म्हणाला, "हा मानूस एकशे अडतीसचं टमाटं खातो! साडेतीनशेची कटिंग करतो! आन आमच्या बहिणीला बाराशेचं लुगडं दाखवून राहिला!"

सगळं दुकान हसलं. सेल्समन हसला, मालक हसला, आमच्या बाजूनं आलेल्या तांड्यावरच्या चौघी हसल्या. आणि रूपाबाई हसली. खोटं नाही, लेकाकडं कौतुकानं बघत हसली. शेजारणीला म्हणाली, "माझा देवा तिथं दोनशे रुपयांची भेंडी खातो गं." 'घेतच न्हाई' हे तिच्या कानावर पडलंच नव्हतं. कुणाच्याच पडलं नव्हतं. तीन महिने केस न कापणारा माणूस त्यांच्यासमोर बसला होता, कानावर केस आलेला, आणि त्यांना फक्त साडेतीनशे ऐकू आले.

एकटी निलम हसली नाही. तिनं मांडीवरचा शालू खाली ठेवला आणि आईला त्यांच्या बंजारा बोलीत काहीतरी म्हणाली. मला सगळी बोली येत नाही, पण 'भिया' म्हणजे भाऊ आणि तिचा सूर, एवढं पुरेसं होतं. रूपाबाईनं तिला चिमटा काढला. मग निलम मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मला बाराशेचीच पाहिजे. मला तीच आवडली." त्यावर वसमतची एक म्हातारी म्हणाली, "लाजून राहिली नवरी." की परत हशा. माणसाला काही ऐकायचंच नसेल तर तुम्ही त्याच्या कानात भोंगा लावा, उपयोग नाही.

मी उठलो आणि भिवाजीला म्हणालो की मामा, तुमच्या भाच्याला मास्तरकीचे किती मिळतात ते सांगा, आपण त्यालाही कशानं तरी गुणू. त्यावर तो तांबडा झाला. रूपाबाई मला म्हणाली, "परमेश्वर, तू गप बस. माझ्या लेकीचं लग्न मोडतो का?" देविदासनं हात जोडले. भिवाजीला नाही, मला. मी खाली बसलो.

बस्ता बांधला. हळदीकुंकू लावून गठ्ठे जीपमध्ये चढले. लग्नाचे पैसे तिथंच संपले आणि दुकानाच्या पैशांतले काही गेले. परत येताना एसटीत तो खिडकीशी बसून बोटांवर काहीतरी मोजत होता. शेजारची कळमनुरीकडं जाणारी बस सुटली, मग आमचीही सुटली, तरी मोजतच होता. मग म्हणाला, "जमते अजून. मशीन जरा नंतर घेऊ. डिपॉझिटचे तीस हायेत माझ्याकडं. बस, गाळा हातचा जाऊ देऊ नको." मी म्हणालो, गाळ्याची काळजी माझ्यावर सोड.

त्यानंतरचे आठ दिवस मी स्वस्थ बसलो नाही. बसणारच कसा? माझ्या मित्राची चारचौघांत थट्टा झाली होती. मी चहाच्या टपरीवर सांगितलं, न्हाव्याच्या दुकानात सांगितलं, भाजीबाजारात उभं राहून सांगितलं. म्हणालो, बघा काय माणसं आहेत! बिचारा सांगतोय की तिकडं टमाटं एकशे अडतीस रुपये, कटिंग साडेतीनशे रुपये, कोथिंबिरीची जुडी पस्तीस रुपये, आणि हे त्याच्याकडून चार-चार हजारांच्या साड्या उकळतात. लोक ऐकत होते. "बापरे, साडेतीनशे?" म्हणत होते. मला वाटायचं, चला, नाक्यावर तरी त्याची बाजू कुणीतरी मांडली.

लग्नाच्या चार दिवस आधी देविदास केस कापायला हनुमानकडं गेला. हनुमान नाक्यावरचा जुना न्हावी, कटिंगचे सत्तर घेतो, दाढीचे चाळीस. मी बाकावर पेपर वाचत होतो. कापून झाल्यावर देविदासनं शंभराची नोट दिली आणि हात पुढं करून थांबला. हनुमान म्हणाला, "अजून पन्नास."

"दीडशे? काहून?"

"आता तुमाला काय, देविदासभाऊ. तिकडं साडेतीनशे देता, इथं दीडशे जड झाले का?"

मी पेपर फेकला आणि हनुमानला असा काही झापला की बाहेरची माणसं आत डोकावली. देविदासनं पन्नास दिले. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "राहू दे. लग्नघर हाय."

दुसऱ्या दिवशी भाजी. शकुंतलाबाई आमच्या ओळखीची भाजीवाली. लग्नाच्या आदल्या दिवशीच्या जेवणासाठी देविदास कोथिंबीर घ्यायला गेला. सुट्टीवर आला की तो कोथिंबिरीच्या ढिगासमोर जरा वेळ नुसता उभा राहतो, मला ते माहीत आहे, मी तेव्हा काही बोलत नाही. शकुंतलाबाईनं पाच रुपयांची जुडी वीसला लावली. म्हणाली, "लेकरा, तिकडं पस्तिसाची घेतो म्हणं तू. इथं स्वस्तच पडली की." मी तिच्याशीही भांडलो. म्हातारी बाई आहे हेही पाहिलं नाही. देविदासनं वीसच्या भावानं दहा जुड्या घेतल्या आणि पिशवी खांद्याला लावून चालायला लागला.

लग्न लागलं. चांगलं झालं. भिवाजीनं पंगतीत मानपानावरून दोनदा आवाज चढवला, पण हरीशनं त्याला बाजूला नेऊन गप्प केलं आणि निलमच्या बाबतीत माझा जीव थोडा खाली पडला. जूनच्या एक तारखेला मी तीस हजार घेऊन गाळ्याच्या मालकाकडं गेलो. देविदास बँकेतून त्याचे घेऊन मागून येणार होता.

मालक आरामात बसला होता. म्हणाला, "डिपॉझिट दीड लाख झालं."

मला आधी वाटलं, चेष्टा करतोय. मी म्हणालो, साठ ठरलंय, दोन वर्षांपासून ठरलंय, तुम्ही जबान दिलीये. तो म्हणाला, "तवा मला कुठं म्हाईत होतं, तुझा पार्टनर कोण हाय ते."

"माझा पार्टनर वायरमन आहे."

"अरे, साडेतीनशेची कटिंग करतो ना तो? त्याला दीड लाख म्हंजे काय?"

मी संतापलो. म्हणालो, हे तुम्हाला कुणी सांगितलं? कोण बोलतं असं त्याच्याबद्दल? नाव सांगा मला, मी बघतो त्याच्याकडं.

मालक माझ्याकडं बघत राहिला. त्याला खरंच नवल वाटलं होतं. "तूच सांगितलं की," तो म्हणाला. "चहाच्या टपरीवर. मी बाजूच्या बाकावर बसलो होतो. टमाट्याचं सांगितलं, कटिंगचं सांगितलं, जोरजोरात सांगून राहिला होतास तू. मी म्हणलं, पार्टी मोठी दिसते."

मी भांडलो. त्याच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. त्याला सांगितलं की तो तीन महिने केस कापत नाही म्हणून सांगत होतो मी ते. त्यानं ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाला, "दीड लाखाला दुसरा तयार हाय. उद्यापर्यंत तुमच्यासाठी थांबतो." नाक्यावर रस्ता रुंद झाला तेव्हा निम्मे गाळे पाडले गेले, त्यामुळे दुसरे गाळे फारसे नव्हतेच. दोन होते त्यांचे मालकही त्याच टपरीवर चहा पितात.

देविदास आला तेव्हा मी गाळ्याच्या बंद शटरसमोर बसलो होतो. त्याच्या हातात बँकेचं पाकीट होतं. मी त्याला आकडा सांगितला. ह्या वेळी त्यानं बोटांवर काही मोजलं नाही. पाकीट शर्टच्या आत घातलं आणि माझ्या शेजारी बसला. समोरून ट्रक जात होते. मग म्हणाला, "कंपनीला फोन करून देतो. येतो म्हून सांगतो. दोन साल अजून."

मी म्हणालो, मी कुठूनतरी उभे करतो पैसे, बापाची मेंढरं विकतो. तो म्हणाला, "येडा हायेस का? मेंढरं विकून मोटारी भरतो?"

पाच तारखेच्या आत त्यानं फोन केला. आठ दिवसांत तिकीट आलं. रूपाबाईनं तांड्यावर पेढे वाटले, कंपनीनं लेकाला परत बोलावलं म्हणून. मी तिच्या हातचा पेढा घेतला आणि खाल्लासुद्धा.

त्याला सोडायला मी नाक्यावर आलो. हिंगोलीची बस यायची होती. त्यानं एका पिशवीत पाच किलो ज्वारीचं पीठ घेतलं होतं, घरच्या ज्वारीचं. बॅगेचं वजन कमी व्हावं म्हणून दोन शर्ट काढून मला दिले. हनुमान दुकानातून हात करत होता. देविदासनंही हात केला आणि मग माझ्याकडं वळून म्हणाला, "परमा, एक सांग. बस्त्यातलं बोलणं वसमतवाल्यांच्या पुढं झालं. ती माणसं काय इकडं येत न्हाईत. आमच्या तांड्यावरच्या बाया नाक्यावर बसून बोलत न्हाईत. मंग हनुमानला, शकुंतलाबाईला, गाळ्याच्या मालकाला हे कटिंगचं, कोथिंबिरीचं कोणी सांगितलं असंल?"

पस्तिसाच्या कोथिंबिरीचं तो बस्त्यात बोललाच नव्हता. ते त्यानं आयुष्यात एकाच माणसाला सांगितलं होतं, व्हिडिओ कॉलवर, सहा वर्षांपूर्वी. हे त्याच्या लक्षात आलं होतं की नव्हतं, मला अजून कळत नाही. मी त्याच्या तोंडाकडं बघितलं नाही. बस्त्यात भिवाजीला, दुकानात हनुमानला, बाजारात म्हाताऱ्या बाईला सगळ्यांदेखत सुनावणारा मी, रस्त्याकडं बघत म्हणालो, "काय माहीत."

"जाऊ दे," तो म्हणाला. "तू उगं कोणासंग भांडू नको माझ्यासाठी."

बस आली. मी त्याची बॅग वर चढवली.